मदत हवी आहे: जुन्या क्लायंटकडून मेंटेनन्सचे पैसे कसे सुरू करायचे?

मी जळगावात वेबसाइट बनवतो, एकटाच, सगळं वर्डप्रेसवर. रावेर-सावद्याकडचे काही केळी व्यापारी जुने क्लायंट आहेत, साइट बनवली तेव्हाच एकरकमी पैसे घेतले, पण आता रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर केळीच्या भावाच्या कागदाचा फोटो येतो आणि "भाऊ, एवढं टाकून दे ना", त्यात नवीन काम मागेच पडतं. डोमेन, होस्टिंग त्यांच्याच नावावर आहे, तो प्रश्न नाही. भाव स्वतः भरता येईल असा फॉर्म करून दिला, कोणी वापरत नाही. वार्षिक कोटेशन दिलं तर म्हणतात, साइट तर झाली ना, आता कसले पैसे? नवीन काम यांच्याच ओळखीने येतं म्हणून तोडायचं नाहीये. अशांना महिन्याचा फिक्स रेट सांगावा की प्रत्येक बदलाचा, आणि लेखी करारात नक्की काय काय टाकता?