डोंगरात मागं काय ठेवून आलात? खरं खरं सांगा (अनुभव धागा)

पाऊस जरा उघडला की बेळगाव-खानापूरची निम्मी पोरं जांबोटी, चोर्ला, राजहंसगड करत सुटतात, मी पण त्यातलाच. गेल्या रविवारी येळ्ळूरच्या गडावर सकाळी सकाळी पोचलो तर तटाला टेकून केकचा पुठ्ठा, त्यात चाकू तसाच, आणि फुटक्या फुग्यांच्या चिंध्या सगळ्या गवतात. पण दुसऱ्यांना शिव्या घालायला हा धागा नाही. स्वतःच्या हातनं काय चुकलं ते लिहा.

मलप्रभेकाठचा
माझ्यापासून सुरू करा. कणकुंबीकडं मुक्काम होता, रस्सा केला, आणि पातेली सरळ ओढ्यात बसून साबणानं घासली, वर तवंग कसा रंगीत दिसतो म्हणून फोटो पण काढला. घरी आईला दाखवला तर म्हणाली, अरे तिथंच मलप्रभा उगवते, तेच पाणी खाली आपल्या खानापूरच्या घाटावर येतंय की. तेव्हापासून राखेनं घासतो, आणि ते पाणी ओढ्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, मातीत ओततो. तेलकट भांडी असतील तर आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसून तो तुकडा खायचा, साबण लागतच नाही.

टिळकवाडी टू घाट
वैजनाथच्या डोंगरावर (देवरवाडी चंदगड तालुक्यात येतं, पण येणारे सगळे बेळगावचेच!) मार्च महिना, गवत वाळून कोळ झालेलं, आणि आम्ही चहासाठी तीन दगडांची चूल मांडली. निघताना वरनं माती ढकलली, झालं म्हटलं. शंभर पावलांवर मागं वळून बघतो तर धूर. पळत गेलो, मातीखाली निखारे तसेच होते, बाजूच्या पाल्याला लागलेच होते. होतं नव्हतं पिण्याचं पाणी सगळं ओतलं, काठीनं ढवळलं, परत ओतलं, आणि राखेवर हात ठेवून गार लागेपर्यंत हललो नाही. तहानेनं मेलो उतरताना. आता उन्हाळ्यात चूल नाहीच, थर्मासात चहा.

दप्तर
केळीची साल, संत्र्याची साल टाकली तर काय बिघडतं? कुजतंयच की.

टिळकवाडी टू घाट
कुजायच्या आधी माकडं येतात ना. मग त्यांना सवय लागते आणि पुढच्याची पिशवी ओढतात. साल परत आणायची, वजन किती ते.

वटवाघूळ
बारापेडेची गुहा, भीमगडच्या जंगलातली, कॉलेजात असताना. भीमगड 2011 ला अभयारण्य झालं, परमिशन लागते, आम्ही विचारलं पण नाही, कुणाच्या तरी ओळखीनं घुसलो. आत मोबाईलच्या टॉर्च मारल्या, एकानं शिट्टी मारली, आणि छतावरनं सगळा थवा सुटला, तोंडावर वारा लागला इतका. लई भारी वाटलं तेव्हा. नंतर वाचलं की तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं, 1913 मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं आणि पुढं कित्येक वर्षं अख्ख्या जगात ते फक्त याच गुहेतलं म्हणून माहीत होतं. दिवसा झोपलेल्या जनावराला उठवून आम्ही हसत होतो. माझी चूक, दुसरं काय. परत गेलो नाही.

नाव नको
विषय कुणी काढत नाही म्हणून मीच काढते. पोरींना जास्त अडचण होते, म्हणून मी बॅगेत खुरपं ठेवते, पाण्यापासून आणि वाटेपासून लांब जाऊन वीतभर खड्डा, मग माती. पॅड आणि टिश्यू झिपच्या पिशवीत परत घरी. पहिल्यांदा कसंतरी वाटलं. आता आमच्या ग्रुपमधली पोरं पण खुरपं उसनं मागतात.

घाटावरची काकू
आमी जांबोटीच्या पुढची. तुमी येताय, बरं वाटतंय, मुलांची चहा-भजीची टपरी चालती. पण आमची म्हस मागल्या साली चरून आली आन चार दिस रवंथच करेना, डॉक्टरानं सांगितलं पोटात प्लास्टिक. वाचली, देवाची कृपा. कुरकुऱ्याच्या पाकिटाला मीठ लागलेलं असतंय, जनावर चाटतंयच. कोण मुद्दाम करायलालेत असं मी म्हणत नाई.

दप्तर
बरं, साल आणतो परत. पण गडावरच्या त्या केकच्या चाकूचं काय केलं ते सांगितलंच नाही.

धागाकर्ता
पुठ्ठ्यासकट पोत्यात भरलं. पोतं अजून गाडीच्या डिकीत आहे, आठ दिवस झाले, बायको रोज विचारते.