मदत हवी आहे: इटलीतल्या मराठा पलटणीच्या हातात कोणती हत्यारं द्यावीत? (गेमचं मॉड)

कोकणी_मॉडर:

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धावरच्या एका स्क्वॉड शूटरसाठी आम्ही तिघं मित्र फावल्या वेळात मॉड (मूळ गेममध्ये आपली भर) करतोय. नकाशा इटलीतला, टायबर नदीचं वरचं खोरं, जुलै १९४४. तुकडी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची. मूळ गेममध्ये ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन सगळे आहेत, आपली माणसं तेवढी नाहीत.

हे डोक्यात कसं आलं ते सांगतो. नाईक यशवंत घाडगे आमच्या माणगाव तालुक्यातले. नाव लहानपणापासून कानावर, पण त्यांनी नेमकं काय केलं ते मी परवा पहिल्यांदा नीट वाचलं. १० जुलै १९४४ ला अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, सेक्शनमधले (म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीतले) सगळे मेले किंवा जखमी झाले, धड उरले एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले, आणखी एकाला गोळी घातली. मग मॅगझीन (गोळ्यांची पेटी) बदलायला वेळ नव्हता, म्हणून हत्यार नळीकडून धरलं आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. पाठोपाठ शत्रूच्या स्नायपर्सच्या गोळ्या लागून ते गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

माझी गाडी अडलीय ती त्या मॅगझीनपाशी. गेममध्ये आपण रीलोडचं, म्हणजे पुन्हा गोळ्या भरायचं ‘आर’ बटण दाबतो आणि अडीच सेकंदांत काम होतं. मुळात त्यांच्या हातात होतं काय? एक मित्र म्हणतो, भारतीय सैन्य म्हटलं की थ्री-नॉट-थ्रीच, म्हणजे ली-एनफील्ड रायफल. मला पटत नाही. शिवाय सेक्शनला ब्रेन गन (हलकी मशीनगन) किती द्यायच्या, बाकीच्यांकडे काय, हेही हवंय. आणि मॉडेल करणाऱ्या मित्राने चार रात्री जागून स्टेन गन बनवून ठेवलीय, ती खपेल का? (नाही म्हणालात तर त्याला सांगायचं काम तुमच्यापैकी कुणीतरी करा.)

जुनी_काडतुसं:

स्टेनवाल्या मित्राला आधी चहा पाजा, मग सांगा. ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीने इटलीत प्रामुख्याने थॉम्पसन, म्हणजे टॉमी गनच वापरली. नॉर्मंडीचा नकाशा केलात की स्टेन बाहेर काढा, मेहनत फुकट जाणार नाही.

आता मुख्य प्रश्न. ली-एनफील्डचं मॅगझीन निघतं, पण लढाईत कुणी ते बदलत नसे. ती भरायची वरून, बोल्ट मागे ओढून, पाच-पाच गोळ्या खोचलेल्या पट्टीने, म्हणजे चार्जरने. दोन चार्जर, दहा गोळ्या. त्यामुळे ‘मॅगझीन बदलायला वेळ नव्हता’ असं वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर टॉमी गनच येते. नाईक म्हणजे सेक्शन कमांडर, आणि ती गन असायचीही त्याच्याचकडे. पुढच्या वर्षीच्या सिनिओ नदीवरच्या लढाईत तर शंकेला जागाच नाही. ९ एप्रिल १९४५, पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव. खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी दोन जखमींना एकेक करून बाहेर काढलं. मग परत जाऊन मशीनगनचं पहिलं ठाणं टॉमी गनने गप्प केलं. हाताला गोळी लागली आणि गन चालवता येईना, तेव्हा ती फेकून देऊन पुढची दोन ठाणी ग्रेनेडने उडवली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी.

एक विनंती. ५० गोळ्यांचं गोल डबड्यासारखं मॅगझीन देऊ नका. जड, चालताना खडखडणारं, शिकागोच्या गुंडांच्या हातात शोभतं. सरळ पेटी-मॅगझीन द्या, २० किंवा ३० गोळ्यांचं. आणि ही गन रिकामीसुद्धा साडेचार-पाच किलोंची, मागे लाकडी दस्ता. नळीकडून धरली की तिचा सोटा होतो. ॲनिमेशन करताना हा भार दिसू दे, नाहीतर क्रिकेटची बॅट फिरवल्यासारखं दिसेल.

पुलथ्रू:

सेक्शनला ब्रेन एकच. साधारण दहा माणसं: नाईक, सहा रायफलवाले आणि तिघांचा ब्रेन ग्रुप, त्यावर लान्सनाईक. मी पलटणीत होतो तेव्हा ब्रेन ७.६२ मिमी काडतुसाची झाली होती, पण जात तीच, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या गेमवाले हमखास चुकवतात.

पहिली. मॅगझीन वर खोचलेलं असतं, त्यामुळे साइट (नेम धरायची खूण) मधोमध नसते, डावीकडे सरकवलेली असते. उजव्या खांद्यावरूनच नेम धरता येतो. तुमच्या गेममध्ये डावखुरा सैनिक असेल तर त्याला ब्रेन देऊ नका.

दुसरी, जुन्या थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या ब्रेनची. मॅगझीन ३० चं, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून भरायचे २८. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, म्हणून तर ते मॅगझीन कोयरीसारखं वाकडं. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे यायला हवी. एक जरी मागे गेली तरी गन अडते, आणि ती अडते नेमकी नको त्या वेळी. ही मॅगझीन फक्त ब्रेनवाला बाळगत नसे. रायफलवाल्यांच्या पाऊचमध्येही असायची, कारण सगळं सेक्शन त्या एका गनसाठी ओझं वाहत असतं. गेममध्ये प्रत्येकाला ‘ब्रेनला मॅगझीन दे’ असं बटण ठेवा, पोरं आपोआप जवळजवळ राहतील.

ग्रेनेड ३६ नंबरचा. पिन दाताने काढायची नाही! दात राहतील हातात.

पिक्सेलपंत:

आवाजाबद्दल माझे दोन पैसे. जर्मन मशीनगन एमजी ४२ मिनिटाला १२०० गोळ्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २०. ब्रेन ५०० च्या आसपास, सेकंदाला आठ. ब्रेनच्या गोळ्या कानाला मोजता येतात, एमजीच्या नाही. कापडवाला मांजरपाट टर्रकन फाडतो ना, तसा तो आवाज. बहुतेक गेम दोन्हींना सारखाच ‘धडधडधड’ देतात, मला त्याचा वैताग येतो. आणि एमजी सलग झोडत ठेवली की नळी बदलावीच लागते. पलटणीला बांध ओलांडायची संधी तिथे द्या.

गेमचे नियमच इतिहास म्हणून डोक्यात बसतात, तेवढं सांभाळा. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून ‘मेडल ऑफ ऑनर’ खेळलेल्या आमच्या पिढीला अजून वाटतं की अमेरिकन गॅरंड रायफल आठ गोळ्या संपल्याशिवाय भरताच येत नाही. खऱ्या गॅरंडला डाव्या बाजूला खटका असतो, तो दाबून अर्धी क्लिप बाहेर काढता येते. कॅफेतल्या कुणाला हे आजही सांगितलं तर भांडण होईल.

कोकणी_मॉडर:

मंडळी, मनापासून आभार. टॉमी गन नक्की केली. स्टेनवाल्याला फोन केला, दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला ‘थॉम्पसनचे फोटो पाठव’. पुलथ्रूकाका, मॅगझीन देण्याचं बटण कालच टाकलं. पहिल्याच चाचणीत आमच्यातला एक जण सगळी मॅगझीन घेऊन ओढ्यापलीकडे पळाला, ब्रेन इकडे रिकामी.

रीलोडचंही ठरलं. शत्रू पाच मीटरच्या आत असेल तर ‘आर’ दाबल्यावर मॅगझीन बदलायला लागणारा पूर्ण वेळ लागेल, एका क्षणाचीही सवलत नाही. शेजारी दस्त्याचं बटण असेल. कोणतं दाबायचं ते खेळणाऱ्याने ठरवावं.

अजून एक मदत हवी. दुसरा नकाशा सिनिओचा करतोय. ठाणी गप्प झाल्यावर जाधव तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ याचं रेकॉर्डिंग कुणी करून देईल का? नाटकातल्यासारखं घोटीव नको. हाताला गोळी लागलेला, भिजलेला, धाप लागलेला माणूस ओरडतोय असं हवं. मोबाइलवर केलं तरी चालेल.

पुलथ्रू:

आमची लिफ्ट आठवडाभर बंद आहे आणि मी पाचव्या मजल्यावर राहतो. उद्या भाजी घेऊन वर आलो की लगेच करतो. शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवतो.