नीतिशिक्षणाच्या तासाला अहिंसा शिकता येते काय?

खानापूरकर: पोराच्या वहीत परवा 'अहिंसा परमो धर्मः' वीस वेळा लिहिलेलं दिसलं. शिक्षा म्हणून! शाळेच्या आवारात मराठी-कन्नड दोन्ही माध्यमांची पोरं, पाण्याचा नळ एकच. भाषेवरून कुणीतरी डिवचलं, ढकलाढकली झाली. गुरुजींनी आधी दोघांच्या हातावर छडी ओढली, मग ही ओळ लिहायला लावली. तास असाच घ्यायचा तर बंद करा, खेळाला द्या.

शहापूरच्या बाई: छडी चूक, कबूल. मीही शिकवते, म्हणून सांगते, तास बंद करू नका. मी पोरांना टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर नेते. १९२४ च्या अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खणलेली. गांधीजी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे बेळगावचं. ते इथं भरवण्यात पुढे होते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. टिळकांचे अनुयायी, आणि लोक म्हणायचे 'कर्नाटक सिंह'. यात मराठी किती नि कन्नड किती, मोजा बघू!

निपाणीकर: विहीर बघून काय होतंय बाई? अहिंसा आधी लाठीवाल्यांना शिकवा. १९८१ ला तंबाखूच्या दरासाठी आमची माणसं पुणे-बेंगळूरु हायवेवर तीन आठवडे बसली. शेवटी गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा एक नोव्हेंबरचा काळा दिवस, त्याची फेरी काढायची तरी परवानगीपासून रड. शांत बसा, हे आम्हालाच किती वेळा ऐकायचं?

खानापूरकर: अहो, मग तेच शिकवा की! तीन आठवडे हजारो माणसं रस्त्यावर. भाकरी कुठून यायची, एखादा तापला तर त्याला कोण आवरायचं? गप्प बसणं निराळं आणि ठरवून, ठाण मांडून बसणं निराळं. आमच्या पोरांना वीस ओळींतनं हा फरक कळणार आहे काय?

अनगोळची सून: माझं माहेर धारवाडचं, इथं सासरी मराठी. मला वाटतं भांडण एवढं मोठं नाही. मराठी पोराला 'नीरु कोड्री' आणि कन्नड पोराला 'पाणी द्या' म्हणता आलं तरी नळावरचं निम्मं भांडण मिटेल.

निपाणीकर: वहिनी, आमच्या पोरांना कन्नड शिकावंच लागतंय. 'पाणी द्या' तिकडं कोण शिकवायलंय? एकाच बाजूनं वाकायचं त्याला शांतता म्हणत नाहीत.

अनगोळची सून: हे मात्र खरं. माझ्या माहेरीही कुणी शिकत नाही.

शहापूरच्या बाई: निपाणीकर, राग समजतो. पण तुमच्या रागाचं ओझं दहा वर्षांच्या पोरानं नळावर का वाहायचं?

खानापूरकर: शनिवारी एसडीएमसीची, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीची मीटिंग आहे. दुसरा नळ मागणार आहे, छडीचंही काढणार आहे. निपाणीकर, हायवेवरचं पोरांना सांगायला येता काय?

निपाणीकर: येतो. पण छडीवाले गुरुजी पुढच्या बाकावर बसले पाहिजेत.