मदत हवी आहे: आठवी-नववीच्या मुलांना शनिवारी हातकाम शिकवायचं आहे (बेळगाव तालुका)

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करतोय. गाव बेळगावच्या पश्चिम भागातलं. मुलगी गावच्याच मराठी माध्यमाच्या हायस्कूलात नववीला आहे आणि यंदा मला शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या शाळा समितीवर, घेतलंय.

गेल्या महिन्यात गावातला एक पोरगा आमच्या शॉपवर काम मागायला आला. दहावीला गणितात ७२ मार्क. नंतर पीयूसी (अकरावी-बारावी) अर्धवट, वर्षभर गोव्यात हॉटेलात काम, मग घरीच. शेठनी त्याच्या हातात व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं, दोन पट्ट्यांचं साधन) दिला आणि पिनचा डाया, म्हणजे व्यास, मोज म्हणाले. वरच्या पट्टीवरचे २४ मिलिमीटर त्यानं बरोबर वाचले आणि तिथंच अडला. खालच्या पट्टीची कुठली रेघ वरच्या रेघेला जुळते ते बघायचं, ती शून्यापासून कितवी ते मोजून ०.०२ नं गुणायचं आणि २४ मध्ये मिळवायचं, एवढाच हिशोब. मी दाखवला, दहा मिनिटांत त्याला जमला. दशांश अपूर्णांक त्याला येतच होते की! पण तोवर शेठनी "नंतर बघू" म्हणून सांगून टाकलं होतं. त्याचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आणि आमच्या शॉपला चार महिने टर्नर (लेथ चालवणारा) मिळत नाही, हेही खरं.

म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास, २५ मुलामुलींना काही शिकवावं असं मनात आहे. हेडमास्तर खोली द्यायला तयार आहेत. शेठ दोन व्हाइस (तुकडा घट्ट धरायचे शिकंजे), कानशी, हॅक्सॉ आणि एक जुना व्हर्निअर देतायत. गावातले एक निवृत्त वायरमन बोर्ड जोडणी शिकवतो म्हणाले.

मला अडतंय ते असं. सुरुवात कशानं करू? ग्राइंडर, वेल्डिंग या वयात नकोच वाटतं. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामाला लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि आम्हाला कामाला लावायचंही नाही, शिकवायचंय. दुसरं म्हणजे भाषा. आमची पोरं आयटीआयला गेली की पहिले काही महिने गप्प बसतात, कारण शिकवणं कन्नडात आणि अवजारांची नावं इंग्रजीत. तिन्ही भाषांतली नावं आधीच शिकवावीत का? हातोडी, हॅमर, सुत्तिगे अशी? आणि मुलींना शिलाई मशीनवर बसवून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. माझ्या मुलीला वायरिंगच शिकायचंय. पालकांची समजूत कशी घालावी?

प्रतिसाद

दादा, पहिले दोन महिने फक्त मोजमाप आणि कानस. पट्टी, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), व्हर्निअर. एका चौकोनी तुकड्याच्या चारही बाजू काटकोनात आणायला लावा. हाताला धीर येतो आणि कुणाची बोटंही कापत नाहीत.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेला अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी आहे. आठवड्यातला एक दिवस हातकाम, त्यात अभियांत्रिकी, वीज, शेती, घर-आरोग्य सगळं मुलामुलींना एकत्रच. एकदा बघून या. गावाला लागणारी वस्तू मुलांनी करायची, ही तिथली पद्धत मला फार आवडते. शाळेचे मोडके बाक दुरुस्त करून घ्या. मुलीनं बसवलेला बोर्ड पालकसभेत लावा, दिवा तिलाच पेटवू दे.

नावं तिन्ही भाषांत भिंतीवर लिहाच. वायरिंगचा सराव मात्र मेन बंद ठेवून, बॅटरीवर.

मूळ लेखक

बाकांचं सुचलंच नव्हतं. वर्गात अकरा मोडके आहेत, आजच मोजले. पाबळला दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी असं चालवत असेल तर कळवा, तिथंही येतो.