परसबागेसाठी चवीचे आणि भरपूर पिकणारे वाण कोणते? (बेळगाव, तांबडी माती)

प्रश्न : टिळकवाडी, बेळगाव

नमस्कार. आमच्या घरामागे साधारण 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद परडे आहे. माती तांबडी, पाणी विहिरीचे, आणि दुपारनंतर एका बाजूला आंब्याची सावली पडते. यंदा मृगात बाजारातून संकरित टोमॅटोची 12 रोपे आणून लावली. फळे पुष्कळ लागली. परंतु साल एवढी जाड की सारात शिजल्यावरही ती सुटून वर येत असे, आणि आंबटपणा तर नावालाही नव्हता. गणपतीच्या सुमारास हिरवीगार रोपे एकेक करून माना टाकू लागली. आतापर्यंत सात गेली आणि आठवे आज सकाळी कोमेजलेले दिसले. भेंडीची पानेही शिरांपासून पिवळी पडत गेली.

माझ्या आईच्या खानापूरकडच्या परड्यातल्या भाजीची चव अजून आठवते, म्हणून सगळे जवारी (गावठी) बियाणेच लावावे असे मनापासून वाटते. मात्र घरात पाच माणसे आहेत आणि आठवड्यातून दोन-तीन वेळची भाजी तरी परड्यातून निघावी अशी अपेक्षा आहे. दसरा झाला, आता हिवाळी वाफे करायचे आहेत. चव आणि उत्पन्न दोन्ही देणारे वाण जाणकारांनी कृपया सुचवावेत.

उत्तर : कडोली

ताई, वाण निवडण्याआधी रोपे कशाने गेली ते पाहावे लागेल, कारण त्यावरच टोमॅटोचा निर्णय अवलंबून आहे. आज कोमेजलेले रोप उपटा, बुंध्याजवळचे बोटभर खोड धारदार चाकूने कापा आणि कापलेले टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात बुडेल असे धरा. पाच-दहा मिनिटांत त्यातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरू लागली, तर तो जिवाणूजन्य मर रोग होय. आपल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत आणि पावसाळी ओलीत तो फार माजतो, जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो आणि टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या एकाच कुळातील सर्व पिकांना लागतो. अशा वाफ्यात पुन्हा जवारी टोमॅटो लावला तर चव पाहण्याइतकीही फळे हाती येणार नाहीत.

मर निघाल्यास बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण घ्यावा, असे मी सुचवीन. पाने आकसवणारा पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो तोंड देतो. चांगल्या व्यवस्थापनात एका झाडाला 18 किलोपर्यंत फळे मिळाल्याची नोंद आहे. परड्यात तेवढे मिळत नाही, पण पाच माणसांना सहा-सात रोपे पुरतात. फळ घट्ट असते, भाजीला व साठवणीला उत्तम. साराला मात्र त्याची सर येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

भेंडीला झाला तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते. परभणी क्रांती (1985) आणि अर्का अनामिका हे दोन्ही सरळ (संकरित नसलेले) वाण या रोगाला तोंड देण्यासाठी तयार झाले आणि दोन्हींची भेंडी कोवळी असताना चवीला चांगली लागते. त्यांची प्रतिकारशक्ती पूर्वीइतकी राहिलेली नाही, तरीही पिवळे झाड दिसताच उपटून टाकले तर निभावते. आता मात्र भेंडी टोकू नका. आपल्याकडच्या थंडीत ती नीट उगवत नाही. जानेवारी सरत आल्यावर टोकावी.

उत्तर : संकेश्वर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु चवीच्या बाजूने थोडे सांगितलेच पाहिजे. टोमॅटोसाठी पुसा रुबी हा जुना सरळ वाण अवश्य लावावा. फळ चपटे, कडांना किंचित खाचा असलेले, साल पातळ आणि आंबटपणा भरपूर, असा हा टोमॅटो बाजारात टिकत नाही, म्हणूनच तो बाजारात दिसत नाही. परड्यातून चुलीपर्यंत वीस पावले असताना टिकाऊपणाचे ओझे आपण कशासाठी वाहावे? मर रोगाची भीती असेल तर दुसरीकडची माती आणि शेणखत भरून मोठ्या कुंड्यांत चार रोपे करावीत.

वांग्यात भरण्यासाठी मांजरी गोटा चांगला. गोल, जांभळा आणि पांढऱ्या रेघांचा. परंतु एण्णेगाई (कर्नाटकी पद्धतीची भरली वांगी) करायची असेल तर आपल्याकडचे हिरवे काटेरी जवारी वांगेच हवे. ते तेलात मऊ होते पण मोडत नाही, आणि भाकरीबरोबर त्याची चव वेगळीच लागते. वांगे बी कडक होण्यापूर्वी, साल चकचकीत असतानाच काढावे. चकाकी गेलेले वांगे कोणत्याही वाणाचे असले तरी कडवट लागते. शेंडा मान टाकू लागला तर त्यात अळी आहे असे समजून तो लगेच खुडून नष्ट करावा.

मिरचीत हिरव्यासाठी पुसा ज्वाला पुरे. वाळवण्यासाठी आमची लांब, बारीक संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला. दोन्हींची चार-चार रोपे असली की घरचे तिखट हवे तसे जुळवता येते.

प्रश्नकर्ती : टिळकवाडी

आपणा दोघांचे आभार. आणखी एक अडचण आहे. दोडक्याच्या वेलाला फुले खूप येतात, पण इवलासा दोडका पिवळा होऊन गळतो. यातही वाणाचाच दोष असेल का?

उत्तर : धारवाड (कृषी पदवीधर, मूळ गाव निपाणी)

ताई, हा दोष वाणाचा नसून बहुधा परागीभवनाचा आहे. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, त्यामुळे सकाळी येणाऱ्या मधमाश्यांचा त्याला उपयोग होत नाही. फुलांवर येणारे रात्रीचे पतंगही शहरात कमी. दिवेलागणीच्या वेळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि देठाशी बारीक दोडका असलेल्या मादी फुलाच्या मध्यभागी ते हलकेच फिरवावे. दुधीचेही तसेच करावे. भोपळा, काकडी आणि कारल्याचे सकाळी. पुसा नसदार किंवा अर्का सुमीत हे दोन्ही दोडके चांगले आहेत. दुधीबाबत एक सूचना आवर्जून करतो: फळ कापल्यावर जिभेला कडू लागले तर शिजवूनही खाऊ नये, ते विषारी असू शकते.

पुसा रुबीच्या चवीमागे एक कारणही आहे. पिकण्यापूर्वी त्याचा देठाकडचा भाग गडद हिरवा असतो. सर्वत्र सारखे फिके हिरवे आणि मग सारखे लाल होणारे फळ दिसायला सुबक, म्हणून वाण तयार करणाऱ्यांनी अनेक दशके तेच निवडले. त्या निवडीत फळातील हरितद्रव्य वाढवणारा जनुकच निकामी झाला आणि फळातील साखर कमी झाली, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उलगडले. म्हणून रोप घेताना हिरव्या खांद्याचा वाण मागावा, फळ झाडावरच पिकू द्यावे आणि फ्रिजमध्ये ठेवू नये; थंडीने त्याचा वास मरतो.

बियाणे धरायचे असल्यास सरळ आणि जवारी वाणांचेच धरावे. अर्का रक्षकाचे बी पुढच्या वर्षी मूळ गुणाचे उतरत नाही. टोमॅटोचे बी गरासह दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन सावलीत वाळवावे. भेंडीची फुले मधमाश्यांमुळे काही प्रमाणात मिसळतात, म्हणून आईंची जवारी भेंडी मिळाली तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी टोकाशी सुती दोऱ्याने सैलसर बांधावी, आणि त्या शेंगेच्या देठाला खुणेची चिंधी लावून ती झाडावरच वाळू द्यावी.

आता लगेच वाफे भरायचे असतील तर अर्का कोमल बिनीस (फरसबी) टोकावेत. पहिली तोडणी साधारण 45 ते 50 दिवसांत येते. वेलाचा जवारी वरणा (वालाच्या जातीची शेंगभाजी) दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी पुढच्या पावसाळ्यात कुंपणाची जागा राखून ठेवावी.

प्रश्नकर्ती : टिळकवाडी

आज सकाळी खोड कापून पेल्यात धरले. चौथ्या मिनिटाला धुराच्या रेषेसारखी पांढरी तार पाण्यात उतरली, तेव्हा रोग मरच आहे. त्या वाफ्यात आता मेथी आणि बिनीस टाकत आहे. वांगी व मिरची विहिरीपलीकडच्या बाजूला हलवीन, तेथे यापूर्वी या कुळातले काहीच लावलेले नाही. अर्का रक्षकाची सहा रोपेही तिकडेच लागतील, आणि पुसा रुबीसाठी माहेराहून चार पोती माती मागवली आहे. आईकडे भेंडीचे बी अजून आहे. राखेत ठेवलेले दोन मुठी बी त्याच पोत्यांबरोबर येणार आहे.