एनबीए संघांचे बळ कशाने मोजावे: विजयांनी की गुणफरकाने?

पहाटेचा_प्रेक्षक

नमस्कार. गेली काही वर्षे प्रत्येक हंगाम संपला की मी एनबीएच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, तीसही संघांची बळानुसार क्रमवारी लावून वहीत लिहून ठेवतो. आतापर्यंतची रीत सरळ होती. ८२ सामन्यांपैकी ज्याचे विजय अधिक, तो वर. या उन्हाळ्यात जुने हंगाम त्याच पद्धतीने मांडायला घेतले आणि २०१५-१६ वर येऊन अडलो.

त्या हंगामात गोल्डन स्टेट वॉरियर्सने ७३ सामने जिंकून शिकागो बुल्सचा १९९५-९६ मधील ७२ विजयांचा विक्रम मोडला. सॅन अँटोनिओ स्पर्सने ६७ जिंकले. सहा विजयांचे अंतर लहान म्हणता येणार नाही. मात्र सामन्यामागचा सरासरी गुणफरक काढला, तर वॉरियर्सचा सुमारे १०.८ आणि स्पर्सचा सुमारे १०.६ येतो, म्हणजे दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत दिसतात. ८२ सामन्यांनंतरच्या बाद फेरीतून, म्हणजे प्लेऑफमधून, ठरणारे विजेतेपद तर तिसऱ्याच संघाने मिळवले. ५७ सामने जिंकलेले क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स अंतिम मालिकेत १-३ असे मागे पडले होते आणि तिथून त्यांनी ती ४-३ अशी जिंकली.

विजय, गुणफरक आणि विजेतेपद अशी तीन मापे तीन वेगळी उत्तरे देत असतील, तर प्रामाणिक क्रमवारी कोणत्या मापावर उभी करावी? क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती केवळ समान गुण झाल्यावर पाहिली जाते. बास्केटबॉलमध्येही गुणफरकाला तेवढेच दुय्यम स्थान द्यावे काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घातांक

माझे मत आधीच सांगतो. गुणफरकाला दुय्यम स्थान देऊ नये. संघाने काय मिळवले हे विजयांची संख्या सांगते, पण तो संघ किती बलवान आहे आणि पुढच्या सामन्यात त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज गुणफरकावरून अधिक चांगला बांधता येतो. एका गुणाने जिंकलेला सामना आणि एका गुणाने हरलेला सामना यांत बहुधा शेवटच्या एका फेकीचे अंतर असते, पण विजयांच्या तक्त्यात त्या एका फेकीचे वजन तीस गुणांच्या विजयाएवढेच धरले जाते.

आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी मांडलेले एक सूत्र बास्केटबॉल विश्लेषक डॅरिल मोरी यांनी बास्केटबॉलला लावून पाहिले. संघाने केलेल्या गुणांचा साधारण चौदावा घात घ्यायचा आणि त्याला, केलेल्या व दिलेल्या गुणांच्या चौदाव्या घातांच्या बेरजेने भागायचे. उत्तर म्हणजे विजयांचे अपेक्षित प्रमाण. आपल्याच उदाहरणावर ते चालवून पाहू. वॉरियर्सने सामन्यामागे सुमारे ११४.९ गुण केले आणि १०४.१ दिले, त्यावरून अपेक्षित विजय ६५ च्या आसपास येतात. स्पर्सने १०३.५ केले आणि ९२.९ दिले, त्यांचे ६७ येतात. म्हणजे या सूत्राने स्पर्स वॉरियर्सच्या पुढे जातात.

याचे कारण खेळाच्या वेगात आहे. स्पर्स संथ खेळत आणि त्यांच्या सामन्यांत दोन्ही बाजूंना चेंडूचा ताबा कमी वेळा मिळे, त्यामुळे तेवढाच गुणफरक त्यांनी कमी संधींतून मिळवला होता. वेगवान आणि संथ संघांची तुलना करायची असेल, तर फरक सामन्यामागे न काढता शंभर ताब्यांमागे काढावा. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी या मोजणीचा पाया पक्का केला आणि नेमबाजी, चेंडू गमावणे, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू मिळवणे) आणि फ्री थ्रो (फाऊलनंतरची मोकळी फेक) हे चार घटक त्याच क्रमाने महत्त्वाचे मानले.

यात प्रतिस्पर्ध्यांचे बळही मिळवावे लागते, कारण एनबीएचे वेळापत्रक सर्वांना सारखे नसते. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, म्हणजे कॉन्फरन्स, आहेत. आपल्या कॉन्फरन्समधील संघांशी एकूण ५२ सामने होतात आणि दुसऱ्या कॉन्फरन्सच्या प्रत्येक संघाशी केवळ दोन, म्हणजे ३०. पश्चिमेतील ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२४-२५ मध्ये ६८ विजय मिळवले, त्यांत पूर्वेकडील संघांविरुद्ध २९ विजय आणि एकच पराभव होता. पश्चिमेत मात्र त्यांची कामगिरी ३९-१३ अशी झाली. पूर्वेत खेळणाऱ्या आणि पश्चिमेत खेळणाऱ्या संघाचे ५० विजय त्यामुळे एकाच तराजूत टाकता येत नाहीत. उपाय असा आहे की प्रत्येक संघाचे मूल्य म्हणजे त्याचा सरासरी गुणफरक अधिक त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मूल्यांची सरासरी, असे मानून तीस संघांची तीस समीकरणे एकत्र सोडवावीत. आलेले आकडे पुन्हा पुन्हा समीकरणांत घालत राहिले की काही फेऱ्यांत ते स्थिरावतात, साध्या स्प्रेडशीटमध्येही हे जमते. एनबीएत ही दुरुस्ती बहुधा एका गुणाच्या आतच राहते, पण तक्त्याच्या मधल्या भागात, जिथे सहा-सात संघ खेटून उभे असतात, तिथे तेवढ्यानेही क्रम बदलतो.

जुना_गार्ड

घातांक यांचे गणित मला मान्य आहे, निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. महाविद्यालयात असताना मी पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, म्हणून खेळलो आहे, आणि वीस गुणांची आघाडी मिळाल्यावर संघात काय होते हे बाकावरून आणि मैदानावरूनही पाहिले आहे. प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बसवतो. त्यानंतरची आठ-दहा मिनिटे दोन्ही संघांचे राखीव खेळाडू खेळतात आणि गुणफरक त्यांच्या हाती जातो. ज्या संघाची राखीव फळी चांगली, त्याचा फरक फुगतो. प्लेऑफमध्ये मात्र मुख्य खेळाडूच चाळीस मिनिटांच्या आसपास मैदानावर असतात. मोठ्या विजयांना पूर्ण वजन न देता, समजा पंधरा गुणांच्या पुढचा फरक कमी मोजावा, असे मी सुचवेन.

दुसरी गोष्ट म्हणजे वॉरियर्स आणि स्पर्स त्या हंगामात चार वेळा समोरासमोर आले आणि त्यांतील तीन सामने वॉरियर्सने जिंकले. चार सामने थोडे आहेत हे कबूल, पण या दोन संघांतून वरचा निवडायचा असेल, तर ते बाजूला सारणे मला पटत नाही.

सरासरीच्या_पलीकडे

वरच्या दोन्ही प्रतिसादांत हंगाम अखंड एक मानला आहे. माझा आक्षेप तिथे आहे, कारण ऑक्टोबरमधला संघ एप्रिलमध्ये तोच राहतो असे नाही.

२०२४-२५ चे इंडियाना पेसर्स पाहा. पहिल्या २५ सामन्यांत त्यांनी केवळ १० जिंकले होते. उरलेल्या ५७ पैकी त्यांनी ४० जिंकले. हंगामाच्या शेवटी त्यांच्या नावापुढे ५०-३२ असे लिहिले गेले आणि सर्वसाधारण चांगला संघ अशी त्यांची गणना झाली. पण प्लेऑफमध्ये उतरलेला संघ त्या ५७ सामन्यांतला होता. त्याने ६४ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडला ४-१ असे हरवले आणि अंतिम मालिकेत थंडरला सातव्या सामन्यापर्यंत नेले. पेसर्सची ती वाटचाल अनेकांना चमत्कार वाटली. मला वाटते, आपण हंगामाची सरासरी पाहत राहिलो म्हणून ती तशी वाटली.

यावर उपाय म्हणून एलो पद्धत वापरून पाहावी. आर्पाड एलो यांनी ती बुद्धिबळासाठी तयार केली. प्रत्येक सामन्यानंतर विजेत्याला काही गुण मिळतात आणि तेवढेच पराभूताचे कमी होतात. बलवानाला हरवले तर जास्त मिळतात, दुबळ्याला हरवले तर थोडे. दोन संघांत १०० गुणांचे अंतर असेल, तर वरचा संघ जिंकण्याची शक्यता ६४ टक्के धरली जाते, २०० चे असेल तर ७६ टक्के. फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने एनबीएसाठी ही पद्धत चालवताना यजमान संघाला १०० गुणांचा लाभ दिला होता आणि नवा हंगाम सुरू होताना प्रत्येक संघाचे जुने मूल्य तीन चतुर्थांश राखून उरलेला भाग सरासरीकडे ओढला होता. आज मात्र यजमानपदाचा तेवढा लाभ धरू नये. एके काळी सुमारे ६० टक्के सामने यजमान जिंकत, अलीकडे ते प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास आले आहे.

एलोची मर्यादाही सांगायला हवी. तिला खेळाडू दिसत नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या प्रारंभी आघाडीचा खेळाडू लुका डॉनचिच डॅलस मॅव्हेरिक्सहून लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला आणि त्याच्या बदल्यात अँथनी डेव्हिस डॅलसला आला, त्या रात्री दोन्ही संघांचे एलो मूल्य जागचे हलले नाही. पुढे डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, मार्चमध्ये डॅलसच्याच कायरी अर्विंगच्या गुडघ्याला दुखापत झाली, आणि डॅलसचा हंगाम ३९-४३ वर संपला.

घातांक

विजेतेपदाचा प्रश्न राहून गेला होता. समजा एखादा संघ इतका प्रबळ आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे. सात सामन्यांची एक मालिका तो सुमारे ८७ टक्के वेळा जिंकेल. चार मालिका लागोपाठ जिंकण्याची शक्यता मात्र ५८ टक्क्यांच्या आसपासच येते. हीच शक्यता सामन्यामागे ६० टक्के धरली, तर मालिकेची ७१ आणि विजेतेपदाची जेमतेम २५ टक्के उरते. म्हणून विजेत्याला मान द्यावा, पहिला क्रमांक आपोआप देऊ नये. थंडरच्या २०२४-२५ च्या संघाने मात्र सुमारे १२.९ इतका विक्रमी सरासरी गुणफरक आणि विजेतेपद दोन्ही मिळवले, तिथे वादच उरत नाही.

जुना_गार्ड यांची मोठ्या फरकाचे वजन कमी करण्याची सूचना योग्य आहे. फाइव्हथर्टीएटच्या एलोमध्येही फरक वाढत जाईल तसा त्याचा प्रभाव मंदावत जाई.

पहाटेचा_प्रेक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता वहीत दोन रकाने करतो. पहिल्यात विजय आणि विजेतेपद, म्हणजे संघाने काय मिळवले ते. दुसऱ्यात शंभर ताब्यांमागचा, प्रतिस्पर्ध्यांनुसार दुरुस्त केलेला फरक, मोठ्या विजयांचे वजन कमी करून. २०१५-१६ साठी पहिल्या रकान्यात वॉरियर्स आणि कॅव्हेलियर्स, दुसऱ्यात स्पर्स आणि वॉरियर्स इतके जवळ की मी दोघांना संयुक्त पहिला क्रमांक देणार आहे. एक शंका उरली. २०२४-२५ च्या डॅलसचा दुसरा रकाना संपूर्ण हंगामावरून भरावा की डॉनचिच गेल्यानंतरच्या सामन्यांवरून?

सरासरीच्या_पलीकडे

डॅलसचे दोन संघ समजून दोन ओळी लिहा आणि प्रत्येकीपुढे सामन्यांची संख्या नोंदवा. दुसरी ओळ दुखापतींमुळे इतकी विस्कटलेली आहे की तिच्यावरून त्या अदलाबदलीबद्दल निर्णय देऊ नये.