मदत हवी आहे: भरकटलेल्या गोल्फ चेंडूची भरपाई खेळाडूकडे मागायची की क्लबकडे?

चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या गोल्फ क्लबचा, म्हणजे काठीचा) फटका असला की सोलर पॅनेलच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्लाइस (हवेत वळत जाणारा चुकलेला फटका) उजवीकडेच वळतो, म्हणून मैदानाच्या त्या बाजूची तीच ती घरं माऱ्यात सापडतात. खेळाडू तर क्वचितच सापडतो! इंग्लंडमधल्या १९२२च्या कॅसल खटल्यात क्लबही जबाबदार ठरला, कारण चेंडू वारंवार रस्त्यावर जात होते. म्हणजे वारंवारता सिद्ध करणं कळीचं.

त्यासाठी तारीख, वेळ, चेंडू पडल्या जागेचा फोटो आणि चेंडूवरची खूण एवढी नोंद पुरते का? की टीपासूनच्या (पहिला फटका मारण्याच्या जागेपासूनच्या) अंतराचा नकाशाही लागतो? आणि जाळीपेक्षा टीची दिशा बदलून मागणं योग्य ना? उंच चेंडू जाळीवरून सहज जातात. असे दावे हाताळलेल्यांनी कृपया सांगावं.